हँडब्रेक ओढून बघा, आजच

कोपरीत, चेंदणी कोळीवाड्यापासून आनंदनगरपर्यंत, आणि तसं पाहिलं तर थेट कल्याण-डोंबिवलीपर्यंत, ज्यांच्या घराखाली दहा-पंधरा वर्षं जुनी चारचाकी उभी आहे त्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. हे वाचून झालं की खाली उतरा आणि गाडीचा हँडब्रेक धरतो की नाही ते तपासा. पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

तपासणी सोपी आहे. सपाट जागा निवडा. गाडीच्या पुढेमागे कोणी माणूस, मूल, दुचाकी नाही याची खात्री करा. एक जण ड्रायव्हरच्या सीटवर बसेल, पाय ब्रेकच्या पॅडलवर तयार ठेवेल, पण दाबणार नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. आता दोन धडधाकट माणसांनी गाडी ढकलून बघायची, आधी मागून आणि मग पुढून. गाडी जागची हलता कामा नये. चाकं फिरली, तर तुमचा हँडब्रेक नावापुरता उरला आहे. ओढताना दात्यांचा कटकट आवाज किती वेळा येतो तेही मोजा. बहुतेक जुन्या गाड्यांत चार ते आठ आवाजांत ब्रेक लागायला हवा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. लिव्हर काटकोनात उभा राहीपर्यंत वर येत असेल, तर ढकलून बघायचीही गरज नाही.

आपल्याकडे ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्याला कारण आहे आपली पार्किंगची सवय. ठाणे पूर्वेच्या जुन्या इमारती बांधल्या तेव्हा प्रत्येक घराला गाडी असेल असं कुणी धरलं नव्हतं. आता कंपाउंडमध्ये एकामागे एक, एकाला एक आडवी अशा गाड्या लागतात. मग ठरलेलं वाक्य येतं : ‘गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावू नका.’ सकाळी आतल्याला निघायचं असलं की वॉचमन बाहेरची गाडी ढकलतो, वाट करून देतो. सोय म्हणून सुरू झालेली ही पद्धत इतकी मुरली आहे की कित्येक गाड्यांचा हँडब्रेक महिनोन् महिने कुणी ओढलेलाच नसतो. न वापरलेली केबल आपल्या आवरणात गंजते. आत शूवरचा लिव्हर अडकतो. आणि ज्या दिवशी खरी गरज पडते, कोपरी पुलाच्या चढावर, गायमुख घाटातल्या कोंडीत, गावाकडच्या अंगणाच्या उतारावर, त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की लिव्हर वर येतो आणि गाडी मागे जाते.

‘आमच्या इथे तर सपाटच आहे,’ असं पुष्कळ जण म्हणतात. पावसाचं पाणी गटाराकडे वाहून जावं म्हणून प्रत्येक कंपाउंडला, प्रत्येक गल्लीला थोडा उतार दिलेलाच असतो. जिथे फाटकाशी चढण आहे तिथे तो आणखी असतो. समजा, वीस फुटांत एक फूट एवढाच उतार आहे. मारुती ८०० ही आपल्या रस्त्यांवरच्या हलक्या गाड्यांपैकी एक, रिकामी असताना साधारण ६५० किलोंची. एवढ्या उतारावर ती सुमारे ३२ किलोंच्या जोराने खाली जायला बघत असते, दिवसरात्र. टायरचं घर्षण वजा केलं तरी ३० फूट घरंगळल्यावर तिचा वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर होतो. ऐकायला हा वेग फार वाटत नाही. पण समोर भिंत आणि मध्ये पाच वर्षांचं मूल असेल, तर साडेसहाशे किलोंना एवढा वेग पुरतो. आणि आवाज होत नाही. इंजिन बंद असतं, हॉर्न वाजत नाही, पाठमोऱ्या माणसाला काहीच कळत नाही.

अँटन येल्चिन हा हॉलिवूडमधला गुणी नट, ‘स्टार ट्रेक’च्या नव्या चित्रपटांमुळे जगभर ओळखीचा झालेला. १९ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या उतारावर तो गाडीतून उतरला. गाडी उभी राहिली आहे असं त्याला वाटलं होतं. ती मागे घरंगळली आणि फाटकाच्या खांबाशी तो चिरडला गेला. वय २७. त्याच्या गाडीत दोष गिअरच्या दांड्याचा होता, हँडब्रेकचा नव्हता. पण म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं : गिअर फसला तर गाडी धरून ठेवायला दुसरं काहीतरी हवं, आणि ते दुसरं काहीतरी म्हणजे हँडब्रेक.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी करायची, तर एक तर ड्रायव्हरच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप सुटणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. रस्त्याच्या कडेला न्यूट्रलला सोडून दिलेली गाडी या कलमात बसत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पायाचा ब्रेक आणि पार्किंगचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा मागितल्या आहेत. पंधरा वर्षं पूर्ण झालेली खाजगी गाडी पुन्हा नोंदवताना आरटीओत तपासणी होते, पण ती पुढे पाच वर्षांसाठी. एमएच ०४ किंवा एमएच ०५ ची पाटी आणि नूतनीकरणाचा कागद हातात आहे म्हणून मधल्या पाच वर्षांत केबल गंजायची थांबत नाही. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे रस्त्यावरची सर्वांत नवी ८०० सुद्धा दहा वर्षांच्या वर गेली आहे. झेन, जुन्या सँट्रो-इंडिका, पहिली अल्टो यांची गत तीच. या गाड्या मोडीत काढा असं मी मुळीच म्हणत नाही. नीट ठेवलेली जुनी गाडी हा मध्यमवर्गीय घराचा मोठा आधार आहे. तिला धरून ठेवणारा ब्रेक तेवढा शाबूत हवा.

आता दुरुस्तीकडे येतो, आणि इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो.

या जुन्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन चाकांवर लागतो. लिव्हर ओढला की सायकलच्या ब्रेकसारखी एक पोलादी वायर आवरणाच्या आत ताणली जाते, ती ड्रममधला छोटा लिव्हर खेचते आणि दोन अर्धगोल शू फाकून ड्रमला आतून घट्ट बसतात. पायाचा ब्रेक हेच शू दाबतो, पण ऑइलच्या दाबाने. म्हणजे हँडब्रेक ढिला झाला तर दोष तीन ठिकाणी असू शकतो : लिव्हरच्या दात्यांत, वायरमध्ये किंवा ड्रमच्या आत. अनुभवी मेकॅनिकला विचारा, तो सांगेल की बहुतेक वेळा मूळ दुखणं ड्रमच्या आत असतं. शूवरचे लायनर झिजलेले असतात, किंवा झीज भरून काढणारा अ‍ॅडजस्टर गंजून जागच्या जागी बसलेला असतो.

आणि आपण काय करतो? लिव्हरखालचं कव्हर काढतो आणि वायरचा नट आवळतो. दहा मिनिटांचं काम, हँडब्रेक लगेच कडक, सगळे खूश. कृपा करून हे करू नका आणि गॅरेजवाल्यालाही करू देऊ नका. लायनर झिजलेले असताना वायर आवळली, तर ड्रममधला लिव्हर आपल्या मूळ जागी परत जात नाही. मग अ‍ॅडजस्टर काम करणं सोडतो, शू ड्रमला घासत राहतात, चाक तापतं, उरलेला लायनरही लवकर संपतो. थोड्याच काळात हँडब्रेक पुन्हा ढिला, आणि या वेळी पायाचा मागचा ब्रेकही त्याच्यासोबत गेलेला. आधी ड्रम, मग वायर. हा क्रम उलटा करू नये.

घरी काम करायचं असेल, तर पहिली अट जागेची. सपाट, पक्की, सिमेंटची जमीन हवी. पेव्हर ब्लॉक खचलेले असतील किंवा माती असेल तर जॅक कलंडतो. दुसरी अट ठोकळ्यांची. हँडब्रेकचं काम करताना हँडब्रेक सोडलेलाच असतो, त्यामुळे गाडीला धरून ठेवणारं दुसरं काही उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडाचे त्रिकोणी ठोकळे घट्ट बसवा. ८०० सारखी इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी गाडी असेल तर पहिल्या गिअरमध्येही ठेवा. ओम्नी, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर यांचा जोर मागच्या चाकांवर असतो. ती चाकं फिरवून बघायची म्हणजे गिअर न्यूट्रल ठेवावा लागतो, तेव्हा या गाड्यांत सगळी भिस्त ठोकळ्यांवर. तिसरी अट घोडीची. गाडीसोबत मिळालेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. उचललेली गाडी घोडीवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली हातसुद्धा घालू नका. घोडी नसेल तर काम गॅरेजवर सोपवा. यात कमीपणा काही नाही. एकट्याने तर हे काम करूच नका.

चाक काढण्याआधी, गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. मग उचला, घोडीवर ठेवा, चाक काढा. काही गाड्यांत ड्रम मधल्या मोठ्या नटाने आणि स्प्लिट पिनने धरलेला असतो. ती पिन पुन्हा वापरायची नाही, नवी घ्यायची, दोन-चार रुपयांसाठी चाकाशी खेळ नको. ड्रम निघत नसेल तर आधी वायर पूर्ण सैल करा. बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात, त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम अलगद सुटतो. कडेवर हातोडे मारले तर ड्रमला तडा जातो.

ड्रम निघाला की काळी भुकटी दिसेल. तिला फुंकर मारू नका, हवेचा प्रेशरही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला तर कायमचा राहतो. तोंडावर मास्क, हातात ओलं फडकं, आणि काम झालं की ते फडकं पिशवीत बांधून टाका. मुलांना या वेळी जवळ उभं करू नका, त्यांना कितीही कुतूहल असलं तरी.

मग लायनर बघा. रिव्हेटची डोकी वर आली असतील, किंवा जाडी पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या खाली गेली असेल, तर शू बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे एकदम. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. लायनर ओले, तेलकट दिसले तर तिथेच थांबा. व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळतंय किंवा मागचं ऑइल सील गेलंय. हा आता नुसत्या हँडब्रेकचा प्रश्न राहिला नाही, पायाचा ब्रेकही धोक्यात आहे. ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवणारे लोक आहेत. तो लायनर तापला की आत मुरलेलं तेल परत वर येतं.

लायनर चांगले असतील, तर अ‍ॅडजस्टर साफ करा, तो हाताने सरकतो का बघा, ड्रममधला हँडब्रेकचा लिव्हर मोकळा हलतो का बघा. शू जिथे मागच्या पत्र्याला टेकतात तिथे ग्रीसचा अगदी बारीक ठिपका चालतो, लायनरला मात्र ग्रीसचं बोटही लागता कामा नये. अ‍ॅडजस्टर इतका उघडा की ड्रम जेमतेम घासत आत जाईल. दोन्ही बाजू सारख्या करा. ड्रम बसवून, नट पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने आवळून, नवी पिन घालून पायाचा ब्रेक वीसएक वेळा दाबा, म्हणजे अ‍ॅडजस्टर उरलेली फट भरून काढेल. कित्येकदा एवढ्यानेच हँडब्रेक जागेवर येतो आणि वायरला हात लावावा लागत नाही.

लागलाच तर आता वायर. आवरण फाटलंय का, तारांचे पीळ तुटलेत का, वायर आत-बाहेर सहज सरकते का हे आधी बघा. तुटका पीळ दिसला की वायर बदला, आवळू नका. तुटायला आलेली वायर आवळली तर ती नेमकी जोराने ओढाल तेव्हा तुटेल. वायर चांगली असेल तर नट थोडा थोडा आवळत, पुस्तिकेतल्या आकड्याइतक्या कटकटींत दोन्ही चाकं सारखी धरली जातील असं बसवा. मग लिव्हर पूर्ण खाली करा आणि चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. चाकं लावून, नट आवळून, सुरुवातीची ढकलून बघायची परीक्षा पुन्हा घ्या. नंतर एक छोटी फेरी मारा, परत येऊन मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, पण टेकवू नका. एका बाजूला जास्त धग जाणवली तर त्या बाजूचे शू घासतायत.

मागे डिस्क ब्रेक असलेल्या किंवा बटणावर चालणाऱ्या पार्किंग ब्रेकच्या गाड्यांना वरची दुरुस्तीची पद्धत लागू नाही. त्या घरी उघडू नका.

गॅरेजला देणार असाल तर एकच आग्रह धरा : ‘मागचे ड्रम उघडा, मला दाखवा, मग वायरला हात लावा.’ आणि समोर थांबा. कोपरीतल्या, ठाण्यातल्या मेकॅनिक बांधवांनाही हात जोडून सांगतो, गिऱ्हाईक घाईत असलं, पैसे कमी करायला सांगत असलं, तरी नुसती वायर ओढून गाडी परत देऊ नका. काय करायला हवं होतं हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पावसाळ्याचा एक प्रश्न खरा आहे. ओल्या दिवसांत हँडब्रेक ओढून गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तर शू ड्रमला गंजाने चिकटतात. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, आणि जागा खरोखर सपाट असेल, तर गिअरमध्ये ठेवून चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा. रोजच्या पार्किंगला मात्र हँडब्रेक आणि गिअर दोन्ही. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. स्टिअरिंग असं वळवून ठेवा की गाडी सुटलीच तर चाक फुटपाथला जाऊन अडेल. वखारीतून दोन ठोकळे कापून डिकीत टाकून ठेवा. रस्त्यावरचा दगड लावला की निघताना तो तिथेच राहतो आणि रात्री दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतो.

सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आणि कमिटीच्या सदस्यांना माझं सांगणं थोडं कडक आहे. न्यूट्रलला गाडी ठेवायला लावणारी पाटी आज उतरवा. आडव्या लागणाऱ्या गाड्यांच्या किल्ल्या वॉचमनच्या केबिनमध्ये खुंटीला लावा, ज्यांना ते पटत नाही त्यांनी काचेवर फोन नंबर ठेवावा आणि रात्री-अपरात्री खाली उतरायची तयारी ठेवावी. गैरसोय होईल, हे मान्य आहे. पण पन्नाशी-साठीतला वॉचमन, दुसऱ्याची गाडी, आत कुणी नाही, ब्रेक लावायला कुणी नाही, आणि तो ती एकट्याने फाटकाच्या उताराकडे ढकलतोय, हे दृश्य रोज सकाळी आपण खिडकीतून बघतो. त्याचा जीव आपल्या पार्किंगपेक्षा स्वस्त नाही.

वॉचमनना, घरातल्या नोकरांना, मुलांना, सगळ्यांना एक गोष्ट आजच सांगून ठेवा. गाडी सुटली तर तिच्या पुढे उभं राहून ती अडवायची नाही. पळत जाऊन दार उघडून आत उडी मारायची नाही. ओरडायचं, माणसांना बाजूला करायचं, आणि गाडी भिंतीला आपटू द्यायची. बंपर पुन्हा मिळतो. लहान मुलाला बंद गाडीत एकटं बसवून दुकानात जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. त्याच्या हाताला सगळ्यांत आधी लागतो तो हँडब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा दांडा.

ही घाई का, तर गणपती तोंडावर आहेत. निम्मी कोपरी कोकणात उतरेल. चार माणसं, सामान, डिकीत भरलेले डबे, अशी वजनदार झालेली जुनी गाडी घाटाच्या चढावर रांगेत उभी राहील, पाच फूट पुढे, मग थांबा, पुन्हा पाच फूट. तिथे हँडब्रेक धरत नसेल तर क्लच जळतो किंवा गाडी मागच्याच्या बॉनेटवर जाते. पायाच्या ब्रेकचं ऑइल घाटात उतरताना गळालं, तर बटण दाबून धरून हळूहळू ओढायचा हँडब्रेक हाच शेवटचा ब्रेक उरतो. आणि जे इथेच राहणार आहेत त्यांच्यासाठी विसर्जनाचा दिवस आहे. मीठबंदरच्या बाजूला खाडीकडे जाणाऱ्या मिरवणुका, ढोल, गर्दी, मूर्ती ठेवलेल्या गाडीच्या पुढे-मागे नाचणारी पोरं. मंडळांनी त्या दिवशी वापरायची प्रत्येक गाडी, टेम्पो धरून, आधी तपासून घ्यावी. टेम्पो भाड्याचा असला तर मालकाला अगोदर सांगावं आणि ड्रायव्हरला सीट सोडू देऊ नये.

शूचे सेट आणि वायर जुन्या मॉडेलांच्या असल्या तर दुकानात कधी कधी मागवाव्या लागतात, गणपतीच्या आठवड्यात गॅरेजला उभं राहायला जागा नसते. म्हणून तपासणी आज, सुटा भाग उद्या, काम या रविवारी. शेजारी एकटे आजी-आजोबा असतील आणि त्यांची गाडी मुलगा परदेशी गेल्यापासून कव्हरखाली उभी असेल, तर तिच्याही चाकांना जाताजाता ठोकळे लावून या.